आनंदरावांची ड्यूटी

गिरिजाबाईंना समुद्राची ओढ अशी कधीच नव्हती. महूच्या छावणीत वाढलेल्या आणि लग्न होऊन इंदूरच्या चाळीत आलेल्या बाईला समुद्राचं काय कौतुक असणार! पण मद्रासच्या पलीकडून लेकीचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी एका दमात ‘येतो’ म्हणून टाकलं. समुद्र बघण्यापेक्षा त्यांना नवऱ्याला एका फाटकापासून सोडवायचं होतं.

फाटक गिरणीचं होतं आणि गिरणी कायमची बंद झाली होती. कुंपणाच्या भिंतीत पिंपळ रुजून चांगला हातभर वाढला होता. तरी आनंदराव रोज दुपारी तीनच्या सुमाराला धुतलेला सदरा घालून त्या फाटकासमोर जाऊन उभे राहत आणि दिवेलागणीला परत येत. शहर तिकडे दुसऱ्याच वाटेला लागलं होतं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं पिवळं खोकं आलं, गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या. गिरण्यांच्या जमिनींवर आता काय काय उभं राहणार याच्या गप्पा पोह्यांच्या ठेल्यावर रंगू लागल्या. आनंदरावांनी या कशालाच नावं ठेवली नाहीत. ते फक्त फाटकाशी उभे राहत.

“अहो, मिल आता खुलणार नाही,” गिरिजाबाई सांगून सांगून थकल्या होत्या. “सगळ्या दुनियेला समजलं, तुम्हालाच कसं समजत नाही?”

“मला कुठं नाही समजलं?”

“मग तिथं कशाला जाता?”

“माझी ड्यूटी सुटली नाही अजून.”

गिरिजाबाई हवालदाराची लेक. घरात त्यांचा आवाज परेडचा होता आणि त्या आवाजापुढे भाजीवालासुद्धा सरळ उभा राहायचा. पण या एका वाक्यापुढे त्यांचं काही चालत नसे. माणूस डोक्यात घेऊन बसला की बसला, असं म्हणून त्या भांडी आपटत.

पुतण्या ज्ञानदीपने सियागंजात एका गोदामावर काम बघून ठेवलं होतं. “काका, बैठं काम आहे, सेठ भला आहे. फक्त दुपारनंतर यावं लागेल.”

“दुपारनंतर नाही जमणार, बेटा,” आनंदराव अगदी मायेने म्हणाले. सेठ खरोखरच भला निघाला. तुम्ही मद्रासहून येईपर्यंत जागा कुणाला देत नाही, म्हणाला. गिरिजाबाई ते ओझं मनात घेऊनच गाडीत बसल्या. परत गेल्यावर हा माणूस कामावर जाणार की फाटकाशी, एवढा एकच प्रश्न होता.

खरं सांगायचं तर त्यांना कामापेक्षाही दुसऱ्याच एका गोष्टीची टोचणी होती. पूर्वी पहिली पाळी संपवून आनंदराव घरी येत ते गल्लीच्या वळणावरूनच ओरडत, “गिरिजा, भूक लागली!” सगळ्या चाळीला ऐकू जाई. शेजारची मंगला हसून म्हणायची, “वहिनी, तुमचा भोंगा वाजला.” गिरणी बंद झाल्यापासून त्यांनी हे एकदाही म्हटलं नव्हतं. वाढलं की जेवत, नाही वाढलं तर तसेच बसून राहत. गिरिजाबाईंना कधीकधी वाटे, आपला नवरा अजून घरी आलेलाच नाही.

त्या गिरणीत आनंदरावांचे वडीलही होते, पण धुलाईत. मागावर त्यांच्या लोकांना घेत नसत. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि महारांनी तोंड लावलेला धोटा दुसऱ्या पाळीतल्या माणसाने कसा लावायचा ओठाला? हा प्रश्न सगळ्या विणाई खात्याला पडलेला. आनंदराव मागावर गेले ते पुष्कळ वर्षं वाद होऊन गेल्यानंतर. पहिल्या दिवशी पाळी संपत आली तसे ते सारखे दाराकडे बघू लागले. कारण खात्याची रीत अशी होती की चालता माग कधी सोडायचा नाही. दुसऱ्या पाळीच्या माणसाने येऊन मागावर हात ठेवायचा, मगच पहिल्याने आपला हात उचलायचा. त्या दिवशी आपल्या हाताशेजारी कोण हात ठेवणार?

वासुदेव नावाचा गौतमपुऱ्याकडचा धिप्पाड विणकर आला. त्याने शेजारी हात ठेवलाच नाही. तो सरळ आनंदरावांच्या हातावर ठेवला. मग धोटा उचलला, सूत तोंडाने ओढलं आणि डोळ्यांनीच म्हणाला, जा. खात्यातल्या गोंगाटात तोंडाने बोललेलं कुणाला ऐकू येत नसे. सगळं बोलणं ओठांच्या हालचालीवर आणि बोटांवर. कोणतं सूत तुटतंय, कुठे लक्ष ठेवायचं, तेवढं ओठांनी सांगायचं आणि निघायचं. आनंदराव ही गोष्ट लग्नाच्या नव्या नवलाईत इतक्यांदा सांगत की गिरिजाबाईंना ती तोंडपाठ होती. वासुदेव आता राहिला नव्हता. गिरणी बंद पडल्यावर तो गावी गेला आणि तिथेच तापाने गेला.

लेकीचं, मोनालीचं घर कल्पाक्कमच्या वसाहतीत होतं. जावई अश्वजित इंदूरच्या सरकारी केंद्रातून बदली होऊन तिकडे आलेला. घरापासून समुद्र दिसत नसे, पण ऐकू येई. उंच सुरूच्या झाडांमागून सारखा एक घोष यायचा, न थांबणारा, न वाढणारा. पहिल्या दुपारी आनंदराव ओसरीवर खुर्ची टाकून बसले, कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, “खातं चालू असल्यासारखं वाजतंय.” आणि बसल्या बसल्या झोपले. मोनालीचं तान्हं रडलं, दूधवाला येऊन गेला, उन्हाचा पट्टा त्यांच्या पायांवरून सरकत गळ्याशी आला, तरी ते उठले नाहीत. गिरिजाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. या माणसाला असं झोपलेलं त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. तीन वाजून गेले होते, आणि तो झोपला होता.

महाबलीपुरमला दोघेच गेले. तान्ह्यामुळे मोनालीला येता येईना. अश्वजितने त्यांना बसमध्ये बसवून दिलं आणि काय काय बघायचं ते दोनदा समजावलं. “मंदिरं आहेत, पण पूजाबिजा नाही चालत तिथं. आरामात बघा.” गिरिजाबाईंच्या आईने एकदा देवळाच्या बाहेरच्या पायरीवर बसून सगळी जत्रा काढली होती, ते त्यांना आठवलं. इथे दाराशी कुणी काही विचारलं नाही, तिकीट फाडलं आणि आत सोडलं.

गावात शिरताच टकटक ऐकू येऊ लागली. गल्लोगल्ली लोक मांडवाखाली बसून दगड घडवत होते. पांढरी धूळ त्यांच्या केसांवर, भुवयांवर बसली होती आणि तीच धूळ हवेत तरंगून सगळं गाव थोडं पुसल्यासारखं, झोपेतल्यासारखं दिसत होतं. आनंदराव प्रत्येक मांडवापाशी थबकत.

एका प्रचंड कातळावर हत्ती, ऋषी, नाग, गंधर्व, सगळं जगच कोरलेलं होतं. हत्तींच्या पायांशी एक मांजर एका पायावर उभं राहून तप करत होतं. गिरिजाबाईंना राहवलं नाही.

“बघा, तुमच्यासारखंच. फक्त याला फाटक नाही मिळालं.”

आनंदराव मनापासून हसले. मग मांजराकडे बराच वेळ बघत राहिले. पुढे उतारावर एक गोल अवजड धोंडा नुसता टेकून राहिलेला होता, आत्ता घरंगळेल असा. बकऱ्या त्याच्या सावलीत निवांत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी ही दोघंही बसली. घाई कसलीच नव्हती. दुपार तिथे हलतच नव्हती.

किनाऱ्यावरच्या देवळापाशी मात्र वारा आणि लाटा यांनी कान भरून गेले. खारं पाणी आणि वारा शतकानुशतकं चाटत आल्यामुळे दगडी सिंहांची तोंडं विरघळलेल्या साखरेसारखी गुळगुळीत झाली होती. आनंदराव गिरिजाबाईंकडे वळून काहीतरी म्हणाले. ओठ हलले, आवाज आलाच नाही.

“काय म्हणता?” त्या ओरडल्या.

“काही नाही. आदत,” आनंदराव कानाशी येऊन म्हणाले. इतक्या गोंगाटात त्यांचा आवाज आपोआप बंद झाला होता.

सर्वांत शेवटी ते रथ म्हणतात त्या देवळांपाशी पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. एकेका अखंड दगडातून एकेक देऊळ काढलेलं. एक तर इतकं लहान आणि साधं, की गवताने शाकारलेली झोपडीच. गिरिजाबाईंना ते फार आवडलं. इथे दोन खाटा आणि एक चूल मावेल, असा त्यांनी हिशेबही करून टाकला. मागे वळून बघतात तर आनंदराव नाहीत.

ते सर्वांत उंच देवळाच्या पायथ्याशी उभे होते. वरून खाली कोरत आणलेलं ते देऊळ. वर मूर्ती, महिरपी, सगळं कसं नुकतं पुसून ठेवल्यासारखं रेखीव. आणि खाली नुसता दगड. छिन्नीच्या खुणा तशाच, काम अर्ध्यावर सोडलेलं. आनंदरावांचा हात त्या कच्च्या दगडावर होता.

“काम राहूनच गेलं यांचं,” ते म्हणाले.

“राजा मेला असेल. नाहीतर लढाई लागली असेल.”

“तसं झालंच असेल. पण हा जो इथं बसला होता छिन्नी घेऊन, त्याच्या जागी कोणी आलंच नसेल गिरिजा. तो वाट बघत बसला असेल.”

आनंदराव दगडाशीच बोलावं तसं बोलू लागले.

“त्या दिवशी तीनचा भोंगा झालाच नाही. बत्ती गेली आणि सगळे माग एकेक करून थांबले. इतकं चूपचाप ते खातं मी कधी बघितलं नव्हतं. मी हात ठेवून उभा राहिलो. म्हटलं, वासुदेव भिया येतील. ते बाहेर होते ना, फाटकाला ताला लावलेला. सांजेला शिपाई आले, चलो चलो करत आम्हाला छोट्या दरवाज्यातून बाहेर काढलं. अर्धा कपडा मागावर तसाच. मी हात उचलला गिरिजा. कोणी आलेलं नसताना उचलला. साऱ्या जिंदगीत पहिल्यांदा.”

हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. गिरिजाबाईंना एकाएकी महूची छावणी आठवली. थंडीच्या सकाळी त्या वडिलांसाठी चहा घेऊन जात तेव्हा बदलीचा जवान यायला उशीर झालेला असला, तर वडील पहाऱ्यावरून हलत नसत. चहा पायाशी ठेवलेला गार होई. सुटका व्हायला दुसरा माणूस समोर येऊन उभा राहावा लागतो, हे त्यांना परकर-पोलक्याच्या वयापासून ठाऊक होतं. आणि आपण या माणसाला गिरणी उघडणार नाही, उघडणार नाही, म्हणून इतके दिवस ओरडत होतो! गिरणी उघडायची वाट तो बघतच नव्हता. गिरिजाबाईंना स्वतःचा राग आला आणि नवऱ्याची फार माया आली.

लांबून पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. बंद व्हायची वेळ झाली होती. माणसं वाळूतून बाहेर निघाली. पहारेकरी तमिळमध्ये काहीतरी म्हणत जवळ आला, हाताने जा जा करू लागला. आनंदरावांचा हात हलेना. त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं जे गिरणी बंद झाली त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा होतं.

गिरिजाबाईंनी पहारेकऱ्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत सगळी महूची छावणी असावी, कारण तो चार पावलं मागे जाऊन थांबला. मग त्यांनी पदर खोचला, पुढे झाल्या आणि आपला हात नवऱ्याच्या हातावर ठेवला. शेजारी नाही, हातावर.

“आले मी,” त्या म्हणाल्या. “जा आता तुम्ही.”

आनंदराव त्यांच्याकडे बघत राहिले. समुद्राचा घोष सुरूंतून येतच होता. त्यांचे ओठ हलले, अजिबात आवाज न करता. गिरिजाबाईंना या भाषेचं काही शिक्षण नव्हतं, पण या खेपेला त्यांना अक्षर न् अक्षर कळलं. डावीकडचं सूत तुटतंय. लक्ष ठेवा.

त्यांनी मान हलवली.

आनंदरावांनी हाताखालून हात काढून घेतला. सदऱ्याला पुसला. आणि पाळी सुटलेला माणूस निघतो तसे, मागे वळून न बघता, वाळूतून सरळ चालत बाहेर गेले.

गिरिजाबाई थोडा वेळ तशाच हात ठेवून उभ्या राहिल्या. दिवसभराच्या उन्हाने दगड अजून गरम होता. मग त्याही निघाल्या, आणि दाराबाहेर येतात तोच वळणावरून, शहाळीवाल्यांच्या गाड्यांपलीकडून, सगळं महाबलीपुरम वळून बघेल असा आवाज आला.

“गिरिजा, भूक लागली!”