गाडीवर शाकारलेलं छप्पर

मी ठाण्यात चालत्या घरांचे एसी दुरुस्त करतो. चालतं घर म्हणजे मोठी गाडी, आत पलंग, ओटा, संडास, आणि छतावर चपट्या पेटीसारखा एसी. लोक भाड्याने घेऊन फिरायला जातात. एसी बंद पडला की मला फोन येतो आणि मी पहिल्यांदा एकच विचारतो, वर चढून बघितलं का? पूर्वी हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारायचो. मिस्तरी लोकांना आधी मीटर लावायची खाज असते.

एका वर्षी चैत्रात माझा बा पडला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. तो बोलायचा ते एकट्या आईला कळायचं. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात तीन आठवडे ठेवला, मग डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, आणि उकाड्यापासून जपा. याचा अर्थ मला कळला. जाणार तो थांबणार नव्हता, पण जाताना त्याची तगमग होऊ नये, एवढंच माझ्या हातात होतं.

घर जव्हारकडे, साखरशेतला. वैशाखात तिथे दुपारी घरात बसवत नाही, कारण वर पत्रा आहे. तो पत्रा मीच घातलेला.

बा गावातला शाकारणारा. पावसाच्या आधी महिनाभर त्याला उसंत नसायची. आज या घरावर, उद्या त्या घरावर. खाली सागाची पानं, वर पेंढा, बांबूच्या कामट्यांनी दाबून वाखाच्या दोरीने असा आवळायचा की वादळात काडी हलायची नाही. पुढे एकेका घरावर कौलं आली, पत्रे आले. आमच्या घरावर ते आणायची घाई मलाच. ठाण्याला नोकरी लागल्यावर मी सुट्टीत आलो, दोन मित्र गोळा केले आणि एका दिवसात बाचं छप्पर उतरवून पत्रा ठोकला. बा अंगणातल्या मांडवाखाली बसून बघत होता. काही बोलला नाही. मला वाटलं, खूश आहे. आपल्याला सोयीचं तेच आपल्याला वाटतं.

तर घरात ठेवायची सोय नव्हती. ज्याच्या गाड्या मी दुरुस्त करतो त्या शेठकडे आठवडाभरासाठी एक गाडी मागितली. शेठ चांगला माणूस, चावीच काढून दिली. बाला पलंगावर झोपवून मी गाडी जव्हारमार्गे घरी आणली आणि अंगणात मांडवाला चिकटून उभी केली. मांडवावर वर्षाचा पेंढा रचलेला होता. वायर घरातून घेतली, जोडीला गाडीतला जनरेटर होताच.

पहिला दिवस झकास गेला. बा गार हवेत झोपला. संध्याकाळी जागा झाला तेव्हा वरच्या घरघरीकडे कान लावून त्याने आईला काहीतरी विचारलं.

"तो डबा का कण्हतो, इचारतो तुझा बा."

"वर उन्हात असतो ना दिवसभर," मी त्याचं तोंड पुसत म्हणालो. "तापतो, म्हणून कण्हतो. त्याला सावली असती तर बरं झालं असतं."

बोललो आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधं आणायला जव्हारला गेलो. एक गोळी मिळेना, तीन दुकानं फिरलो. दुपार कलताना परत येऊन गाडीचं दार उघडलं तर आत भट्टी. एसीतून वारा येत होता, पण कोमट. बाचा सदरा भिजून अंगाला चिकटलेला. आई विहिरीवर गेलेली.

मी मीटर काढला. व्होल्टेज कमी दाखवत होता, आमच्याकडे दुपारी तो पडतोच. म्हटलं, सापडलं. वायर काढून जनरेटर लावला. कॉम्प्रेसर सुरू झाला, पाच मिनिटं चालला, खट्‌कन बंद. जाळी काढून धुतली. पुन्हा सुरू, पुन्हा खट्‌. थर्मोस्टॅट बघितला, आतल्या पॅनलच्या वायरी हलवून बघितल्या. मग कपॅसिटर गेला असेल असं ठरवून टाकलं आणि तो आता ठाण्याहून कसा मागवायचा या विचाराने माझं डोकं फिरलं.

हे सगळं चाललेलं असताना बा डावा हात उचलून छताकडे दाखवत होता आणि काहीतरी सांगत होता. अर्ध्या तोंडाने हसतही होता. मी म्हणालो, "हो बा, तेच बघतोय." तो पुन्हा हात वर करून बोलू लागला. मी म्हणालो, "झालंच." तिसऱ्यांदा मी ओरडलो, "गप पड ना जरा."

बाशी मी असं बोललो. त्याने हात खाली घेतला.

मग मी शिडी लावून वर चढलो. मांडवावरच्या पेंढ्यामुळे खालून काही कळत नव्हतं. वर बघितलं तर एसीवर छप्पर होतं. सागाची पानं, त्यावर पेंढ्याचे थर, कामट्या, चारी बाजूंनी आवळलेली दोरी. पाणी ओघळायला उतारसुद्धा दिलेला. एसीला गरम हवा बाहेर टाकायला बोटभर जागा ठेवली नव्हती. बाच्या छपरात फट कधी नसायचीच.

काम कुणाचं ते मला बघताक्षणीच कळलं. हात आईचे होते, पण काम बाचं होतं. हे कळूनसुद्धा माझा राग उतरला नाही. कोयत्याने दोऱ्या कापल्या आणि मुठी भरभरून पेंढा खाली फेकू लागलो. पलंगाची खिडकी त्याच बाजूला होती. त्यातून बा सगळं बघत असणार, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

आई हंडा घेऊन आली ती खालीच उभी राहिली.

"त्यानं पडल्या पडल्या सांगला, मी बांधला. सकाळपासून बांधत होतू. मशीनला ऊन लागतां, तूच बोललास ना."

खाली उतरून एसी सुरू केला. आता तो उत्तम चालला. दहा मिनिटांत आत गारवा आला. बाने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मला वाटलं, झोपला.

दिवेलागणीला आईने त्याला पेज भरवली. तो बराच वेळ सावकाश काही सांगत राहिला. आई ऐकत होती, मला काहीच सांगत नव्हती. शेवटी मीच विचारलं.

"बोलतो, चुकला. मशीनचा त्याला ठाव नव्हता."

"आणिक?"

आई वाटी धुवायला उठली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "घराचा छप्पर उतरवलास तवाही तुला अशीच घाई होती, बोलतो."

मी बाचा हात धरला. म्हणायला हवं होतं की छप्पर चांगलं होतं, एवढं चांगलं होतं की मशीनचा जीव गुदमरला. हे ऐकून तो हसला असता. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "राहू दे बा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईला सांगितलं, मला भायेर घ्या. मी म्हणालो, बाहेर ऊन आहे, इथे गार आहे. आईने अंगणात खाट टाकली. मग आम्ही दोघांनी त्याला उचलून मांडवाखाली खाटेवर ठेवला. वर त्याने स्वतः रचून घेतलेला पेंढा होता. सावली दाट होती आणि वारा लागत होता. त्याची तगमग झाली नाही. पेंढ्याकडे बघत होता, कुठे काडी निसटली आहे का ते शोधत असावा. दुपारच्या आधीच तो गेला.

लोक जमले, पुढचं सगळं झालं. नदीवरून परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात आलो तर कसलीशी घरघर ऐकू आली. गाडीचा एसी बंद करायचा राहून गेला होता. दार उघडलं. सकाळपासून एकदाही बंद न पडता तो रिकामा पलंग गार करत होता.