अर्धा साहेब

"तू बडगीला हात लावू नको."

नानांनी बठ्ठ्या पाहुण्यांसमोर सांगितलं. धुळ्याजवळ त्यांचा मळा, तिथं भरीत पार्टी. वांगी मीच भाजलेली, कपाशीच्या काड्यांवर. दरसाल लाकडी बडगीत कुटायचो बी मीच. पण त्या साली हातांवर कोड चढलं. दोन्ही पंजे पांढरे.

"पाहुण्यांना किळस येते रे."

मी काय केलं? हसलो. सवयच घाण. पंजे वर करून म्हटलं, "नाना, मी अर्धा साहेब शे. साहेब कुठं भरीत कुटतो?"

बठ्ठे हसले, झाडून सगळे. माझं पान लांब, गोठ्याजवळ वाढलं. तिथून बी मी विनोद फेकले. माझी पोरगी बायांमध्ये मिरच्या खुडत होती. ती हसली नाही. मला वाटलं, कॉलेज शिकून बी हिला विनोद कळत नाही.

गावात नाव पडलं, अर्धा साहेब. मीच फिरवलं. टपरीवर माझा कप वेगळा ठेवला, तर मीच ओरडायचो, "साहेबाचा कप आण रे!"

मग पोरगी तोंडाला स्कार्फ बांधून राहायला लागली. घरात बी. मी म्हटलं, डाकू आली. सहा महिन्यांनी तिच्या आईनं तो ओढून काढला. ओठाखाली पांढरा डाग.

धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं तिची हनुवटी उघड्या हातानं धरली. मग माझे पंजे धरले. म्हणाली, "हे कुष्ठ नाही. शिवून कोणाला होत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी मरतात, एवढंच. औषध आहे. पण लवकर यायचं ना. सहा महिने का लपवलंस गं?"

पोरगी म्हणाली, "मन्हा बाप अर्धा साहेब शे. मी पाव."

अन् मला हसू आलं. खरं सांगतो, आलं. बाई हसली नाही. पोरगी माझ्याकडंच पाहत होती.

डाग रक्तातून माझ्याकडून आला का, ते बाई बी नक्की सांगत नाही. लपवणं मात्र माझ्याकडूनच आलं. नानांनी एकदा हाकललं. मी लोकांना हसवून ते रोज पक्कं केलं.

यंदा नानांचा भरीत पार्टीचा निरोप आला. गेलो. पोरगी सोबत, स्कार्फ न बांधता.

"या, अर्धे साहेब!"

मी बाह्या वर सरकवल्या. "नाना, नाव घेऊन बोलवा. अन् कुटतील तर हेच हात. नाहीतर वांगी बी तुम्हीच भाजा."

नाना पाहुण्यांकडं पाहत राहिले. तेवढं उत्तर मला पुरलं. भाजायला उचललेली काडी टाकली, निघालो.

हसवणं मी सोडणार नाही. पण ह्या कातडीवर आता कोणाला हसू देणार नाही.

मला बी नाही.