बाबा रोज संध्याकाळी ज्या गाडीत बसायचे

माझा भाऊ गाडीखाली गेला.
रस्त्यावर नाही. झाशीत, आमच्याच अंगणात.

आज वर्ष झालं.

वर्षभर लोक काय काय बोलले. "श्रीधर निष्काळजी होता." "भंगाराच्या नादात जीव घालवला." वहिनीने कोणालाच उत्तर दिलं नाही.

गेल्या महिन्यात बाबाही गेले. म्हणून आज खरं काय झालं ते लिहितेय. वहिनीला आधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टाक."

दादा सरकारी ऑफिसात अकाउंट्सला होता. कधी कोणाशी भांडण नाही, कसला शौक नाही. आणि एक दिवस समथरहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ही गाडी घेऊन आला. साठच्या दशकातली, दोन दारांची, उघडझाप करता येणारा कापडी टप असलेली. कापड केव्हाच गेलेलं, वर नुसता गंजका सांगाडा. मागच्या सीटवर कोंबड्यांची पिसं.

शेजारचे यादव भैया गेटवरून विचारायचे, "काए भैया, जा कब चलहै?" म्हणजे, ही कधी चालणार?
दादा म्हणायचा, "पहले दरवाज़ा तो बंद हो जाए, भैया."

दार खरंच लागत नव्हतं. मी भोपाळला असते, त्याने मला फोनवर समजावलं होतं.
"हिला पक्कं छत नाही ना. सगळी ताकद खालच्या पत्र्यात. तो सडला की गाडी मधोमध वाकते, मग दारं अडकतात. वरून कितीही रंग मारा, आधी खालचं नीट पाहिजे."

म्हणून त्याचे सगळे रविवार गाडीखाली गेले. सडलेला पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, दार लावून बघायचं. परत कापायचा. झाशीच्या उन्हात पत्र्याला हात लावायची सोय नाही, म्हणून सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर.

टप वहिनीने शिवला. जाड कॅनव्हास, घरच्या मशीनच्या सुया तुटत होत्या. दादा कापड धरून उभा आणि ती ओरडतेय, "अहो, ओढू नका, शिवण वाकडी जातेय."

तोवर बाबांचा विसराळूपणा आजारावर गेला होता. जेवलो की नाही ते आठवायचं नाही. नातीला माझ्या नावाने हाक मारायचे. पण संध्याकाळ झाली की चपला घालून अंगणात यायचे आणि गाडीत डाव्या सीटवर बसायचे. त्यांना एरचला जायचं असायचं. लहानपण तिथलं, बेतवेच्या काठचं.

"श्री, चल. अंधार पडेल."

दादा हात पुसून स्टीअरिंगवर बसायचा. गाडी जागची हलायची नाही.
"हे बघा बाबा, चिरगाव आलं."
"हां. आता फार नाही राहिलं."
थोड्या वेळाने बाबा स्वतःच उतरायचे, जेवायला बसायचे. तेवढं झाल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत.

त्या दिवशी खालचं काम पुरं झालं होतं. दार पहिल्यांदा नीट लागलं. दादाने ते तीनचारदा उघडून लावून वहिनीला दाखवलं. मग ती चहा टाकायला आत गेली.

एरवी गाडीखाली जाताना तो जॅकच्या जोडीला लाकडी ठोकळे लावायचाच. तो निष्काळजी नव्हता. त्या वेळी काम आटोपलं म्हणून ठोकळे काढले होते, गाडी खाली उतरवायची तेवढी राहिली होती. कुठेतरी तेल ठिबकताना दिसलं असावं. बघायला तो खाली सरकला.

बाबा आले. रोजच्यासारखं दार उघडलं. रोजच्यासारखे बसले.

जॅक निसटला.

वहिनीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. ती धावली. गाडी एकटीने उचलणार कशी? वर बाबा बसलेले. ते म्हणत होते, "श्री, चल ना."

तिने आधी बाबांचा हात धरला.
"बाबा, उतरा बघू. चहा झालाय."
ते उतरले. त्यांना ओट्यावर बसवलं आणि मग ती गेटकडे धावली. यादव भैया आणि गल्लीतली माणसं आली, त्यांनी गाडी उचलली. दादा हॉस्पिटलच्या वाटेवरच गेला.

पोलिसांनी विचारलं, सगळ्यांनी विचारलं. वहिनी एवढंच म्हणाली, "जॅक निसटला." मलाही तेवढंच.

तेराव्यानंतर मीच भंगारवाल्याला बोलावलं. ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. वहिनीने त्याला गेटवरून परत पाठवलं. मी चिडले तर म्हणाली, "बाबा जेवत नाहीयेत."

मग तिने मिस्त्री आणून चारी चाकांपाशी विटांचे ओटे बांधून घेतले, गाडी हलू नये म्हणून. आणि रोज संध्याकाळी बाबांना त्या सीटवर बसवू लागली. स्वतः बाजूला स्टूल घेऊन बसायची. स्टीअरिंगवर कधी बसली नाही.

"श्री कुठाय?"
"चिरगावला गेलेत. येतील."
"उशीर झाला आज त्याला."
"हो बाबा."

बाबा जाईपर्यंत, रोज हेच बोलणं.

बाबांचे दिवस झाल्यावर एका दुपारी तिने मला सगळं सांगितलं. शेजारी माझी भाची बसली होती. तिला मराठी कळतं, बोलता फारसं येत नाही. ती एवढंच म्हणाली, "मम्मी, आपने ये सब अकेले क्यों रखा?"
वहिनी म्हणाली, "किसको देती, बेटा?"

नंतर आम्ही दोघीच असताना मी विचारलं, "वहिनी, बाबांचा राग नाही आला?"

"यायचा ना. रोज यायचा."
तिने समोरचे कप गोळा केले.
"मग चहा द्यायची."

दादा, बाबा आता तुझ्याकडे आलेत. विचारतील, तुला उशीर का झाला.
काही सांगू नकोस.

तुला आमचा नमस्कार.