रोझेलाचं पिंप

क्लीटस हॅगनने एकेचाळीस वर्षं पिंपं लोटली. केंटकीत ग्रिग्सबींच्या बर्बन व्हिस्कीच्या भट्टीवर मका शिजवून आंबवणाऱ्याला मान, चव घेणाऱ्याला त्याहून जास्त, आणि लोटणाऱ्याच्या वाट्याला पाठदुखी. पिंप काय, नुसतं ढकलायचं, असं कोणी म्हटलं की क्लीटसचं डोकं फिरायचं. पिंपाचं बूच त्याच्या पोटावर असतं. पिंप कोठारात आपल्या जागी जाऊन थांबलं की बूच बरोब्बर वर आलं पाहिजे, खाली राहिलं तर वर्षानुवर्षं थेंबथेंब गळतं. म्हणून किती गिरक्या होतील ते आधीच ताडावं लागतं. क्लीटसचं कधी चुकलं नाही. दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं तर शिव्या घालत तोच सरळ करायचा.

बूच ठोकायचं काम त्याच्या बायकोचं, रोझेलाचं. "बूच वर ठेव हं, नाहीतर घरी येऊ नकोस," ती रोज दटावायची. आजारपणामुळे तिने काम सोडलं, त्या दिवशी तिने ठोकलेलं शेवटचं पिंप क्लीटसने सहाव्या मजल्यावर, पत्र्याखाली लावलं आणि त्यावर खडूने तिचं नाव लिहिलं. दीड महिन्यात ती गेली. मयतीला आलेल्या ब्रेंट ग्रिग्सबीने, म्हणजे मालकाने, त्याचा हात धरून सांगितलं, "ते पिंप तुझं. तू निवृत्त होशील त्या दिवशी उघडू."

बारा वर्षं क्लीटसने त्या दिवसाची वाट पाहिली. उन्हाळ्यात दारू तापून जळक्या लाकडात शिरायची, थंडीत मागे यायची. दरवर्षी थोडी दारू लाकडातून हवेत उडून जायची, तिला भट्टीवर देवदूतांचा वाटा म्हणत, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. शेवटची दोन वर्षं गुडघ्यांमुळे त्याला खालच्या मजल्यांवरच काम होतं.

निरोपाला हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या, हॅम घातलेले मऊ बिस्किट-पाव होते. ब्रेंटने बाटली उंच धरली. "रोझेलाच्या पिंपातली!"

टाळ्या पडल्या. क्लीटसने घोट घेतला. गोड, हलकी, तळमजल्यावरची, फार तर चार वर्षांची. पत्र्याखालची बारा वर्षं जीभ कडू करतात, हे त्याला झोपेतही कळलं असतं.

"मालक, ही ती नाही."

ब्रेंटने चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून त्याच्या कानाशी तोंड नेलं. "अरे, लुईव्हिलच्या एका हॉटेलाने गेल्या हिवाळ्यात ते अख्खं उचललं. नाव फार आवडलं त्यांना, लेबलावरच छापलं. मका तोच, पाणी तेच, त्यात काय एवढं?"

"आणि रिकामं पिंप?"

"आपण कधी दुसऱ्यांदा भरतो का? विकलं. आता हस बघू, फोटो काढतायत."

आणि क्लीटस हसला. याचाच त्याला पुढे सगळ्यात जास्त राग आला. बर्बनसाठी ओकचं पिंप नवं कोरं, आतून जाळलेलं लागतं. दारूत पाण्याशिवाय काही मिसळायचं नाही, रंग नाही, वास नाही, असा कडक कायदा आहे. मालकाच्या शब्दावर मात्र तेवढी सक्ती कोणी केलेली नाही.

सगळे पांगल्यावर तो सहा मजले चढून गेला. रोझेलाच्या जागी नवं पिंप होतं, कोणीतरी घाईत लोटलेलं. बूच थेट खाली आणि त्याखालची फळी ओली. क्लीटसने सवयीने दोन्ही हात पिंपावर टेकले. एका रेट्यात सरळ झालं असतं.

"गळू दे मेल्यांचं," तो म्हणाला. हात पँटला पुसले आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच बूच खाली ठेवून घरी गेला.