मेधाच्या डाव्या हाताची रायफल

मेधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑकलंडमधल्या फ्लॅट बुशच्या आमच्या फार्मसीत, मागच्या टेबलावर, एका आजोबांच्या आठवड्याच्या गोळ्या कप्प्याकप्प्यांत भरत होते. फोन शिरीषचा, तिच्या नवऱ्याचा होता. "विदुला, गेली ग ती. आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी." मी "बरं" म्हटलं.  मग गुरुवार, शुक्रवार, शनिवारचे कप्पे भरले, पाकीट बंद केलं आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या फार्मासिस्टकडून तपासून घेतलं. एकही चूक नव्हती. त्यानंतर हात धुऊन मी टाकानिनीला तिच्या घरी गेले. याला आता सहा आठवडे झाले. अजून मला रडू आलेलं नाही. येईल असं सगळे म्हणतात. मी आपली रोज कामावर जाते, भाजी आणते, गाडीत पेट्रोल भरते.

मेधा ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. एकवीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी थोड्या अंतराने पुण्याहून ऑकलंडला आलो आणि नोंदणीच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी वाचनालयात एकाच टेबलावर बसायला लागलो. ती बुटकी, पाच फूट जेमतेम, आणि मी उंच. ती भराभर बोलायची आणि तिचं काम तिच्या बोलण्याच्याही पुढे असायचं. ती डावखुरी होती. लहानपणी जेवताना, वाढताना, देवाला फूल वाहताना आईने तिचा हात इतक्या वेळा धरून बदलला होता की ती दोन्ही हातांनी सगळं करू शकायची. पण घाईत असली की डावाच हात पुढे यायचा. थिएटरमध्ये कात्र्यासुद्धा उजव्या हाताच्या असतात, असं ती सांगायची. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगायची.

रायफल म्हटल्यावर पुण्यातल्या नातेवाइकांच्या कपाळावर आठ्या येतात, म्हणून हे नीट सांगायला हवं. मेधा कॉलेजात एनसीसीत होती आणि तिथे तिचा नेम सगळ्यांत चांगला होता. पण तिथल्या रायफली उजव्या हाताच्या. शिकवणारे हवालदार म्हणाले, "बेटी, डावं-बिवं इथं चालणार नाही." ती उजव्या खांद्याला लावून शिकली आणि पदकंही मिळवली. त्यानंतर पंचवीस वर्षं तिने बंदूक पाहिली नाही. मग थिएटरमधल्या एका सहकारी बाईने तिला एका रविवारी लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या क्लबात नेलं. हिरव्या टेकडीच्या पायथ्याशी नऊशे यार्डांवर ठेवलेलं लक्ष्य, मध्ये वाऱ्याचे झेंडे आणि गवतावर पालथी पडलेली दहा-बारा माणसं... तिथून तिने मला फोन केला. म्हणाली, "विदू, इथे कुणी कुणाशी बोलत नाही. तुला आवडेल."

मला काही फार आवडलं नाही. पण तिला जाण्यायेण्याला सोबत हवी होती, म्हणून मीही परवान्याची परीक्षा दिली, पोलिसांची मुलाखत दिली, गॅरेजमध्ये भिंतीला ठोकून लोखंडी कपाट बसवून घेतलं. माझा नेम सामान्यच राहिला. मी बहुतेक वेळ तिच्या शेजारी बसून मोठ्या दुर्बिणीतून वारा बघायची आणि तिचे गुण लिहायची. क्लबची रायफल उजव्या हाताची होती. दर गोळीनंतर बोल्ट, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर काढणारा खटका, मागे ओढायला तिला डावा हात वरून पलीकडे न्यावा लागे आणि नीट जमलेली सगळी बैठक मोडे. ती पुन्हा जमवायची. दहा गोळ्यांत दहा वेळा. असं तिने सहा वर्षं केलं.

बावन्नाव्या वाढदिवसानंतर तिने ठरवलं, की आपल्यासाठी बनवून घ्यायची. वायकाटोतल्या एका लहानशा गावात ग्रॅहम नावाचे सत्तरीचे गृहस्थ घरामागच्या शेडमध्ये रायफली बनवतात. वर्षाला मोजक्याच. त्यांनी शिंप्यासारखी टेप घेऊन तिचं माप घेतलं. कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत, मान, गालाच्या हाडापासून खांद्यापर्यंत. बोल्ट डाव्या बाजूला, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. अकरा महिने लागतील म्हणाले.  परत येताना गाडीत ती म्हणाली, "माझ्या लग्नातल्या ब्लाउजचं मापसुद्धा इतकं नीट घेतलं नव्हतं ग."

सातव्या महिन्यात तिला बीजकोशाचा कॅन्सर निघाला, आणि निघाला तेव्हाच तो पसरलेला होता. आम्ही दोघी त्याच क्षेत्रातल्या, त्यामुळे रिपोर्ट वाचल्यावर एकमेकींना समजवायला काही उरलं नाही. शिरीषने ऑर्डर रद्द करण्याबद्दल विचारलं. "राहू दे," एवढंच ती म्हणाली.

रायफलचा ताबा घ्यायला आम्ही जुलैत, इथल्या हिवाळ्यात, गेलो. मोटरवेवर बॉम्बे नावाच्या इथल्या टेकड्यांपलीकडे इतकं धुकं होतं की पुढच्या गाडीचे नुसते लाल दिवे दिसत होते. मेधाची केमोची दुसरी फेरी झालेली, डोक्याला लोकरी टोपी, अंगावर शिरीषचं जॅकेट. ग्रॅहमनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि आम्हाला आत घेतलं. परवाना बघितला, नोंदीचे कागद भरले, चहा दिला. मग त्यांनी जमिनीवर जुना गालिचा पसरला आणि रायफल त्यावर ठेवली. मेधा तिच्यामागे पालथी झाली. दस्ता तिला मोठा होत होता. मधल्या महिन्यांत तिचा खांदाच कमी झाला होता. ग्रॅहम गुडघ्यांवर बसले, एका लहान चावीने मागचे स्क्रू सैल केले आणि दस्त्यातल्या तीन पट्ट्यांपैकी दोन काढून घेतल्या. गाल टेकायचा भाग थोडा खाली घेतला. "यू कॅन पुट देम बॅक व्हेन यू आर अप टू इट," ते म्हणाले. "स्वीट अ‍ॅज," मेधा इथल्या लोकांसारखं, झकास अशा अर्थाने, म्हणाली. मग तिने डोळे मिटून डावा हात पुढे केला, बोल्ट उघडला, बंद केला. पुन्हा उघडला. मान न वळवता मला मराठीत म्हणाली, "विदू, हाताला शोधावं लागलं नाही."

रायफल घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी शिरीष फार्मसीत आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत सनस्क्रीनच्या रॅकपाशी उभा राहिला. मला वाटलं औषध न्यायला आलाय. म्हणाला, "ती रायफल तुझ्याकडे ने. प्लीज." मी कारण विचारलं. "मी दिवसभर कामावर असतो. ती घरी एकटी असते. पुढे काय काय होणार आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे..." त्याने वाक्य संपवलं नाही. मलाही ते संपवून नको होतं. मी म्हटलं, "शनिवारी येते."

शनिवारी दुपारी मेधा सोफ्यावर गोधडी घेऊन बसली होती. मी काहीतरी सबब तयार करून गेले होते, पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "शिरीषने पाठवलं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "त्याला काय वाटतं ते मला कळतं. तो घाबरलाय. तुला काय वाटतं?" मी खोटं बोलू शकले असते. चांगल्या मैत्रिणीने कदाचित बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, मेधा."

ती उठली. भिंतीला धरत गॅरेजमध्ये गेली, कपाट उघडलं, रायफल बाहेर काढली. बोल्ट मागे ओढून, गोळीची जागा दिसेल अशी माझ्यासमोर धरली, क्लबात दर वेळी करतो तसं. "चेंबर रिकामा. बघ." मी बघितलं नाही. ती तशीच धरून उभी राहिली. रायफल जड होती. "बघ, विदुला." ती मला कधीच विदुला म्हणत नसे. मी वाकून बघितलं आणि "रिकामा आहे" म्हटलं. मग तिने ती माझ्या हातात दिली, कागद दिले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

अठरा दिवस तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मी रोज मेसेज करायची, ती वाचायची. फोन शिरीष उचलायचा आणि झोपली आहे म्हणायचा. रायफल माझ्या कपाटात होती. मी ते उघडलं नाही. एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला, "रविवारी ये. घेऊन ये."

त्या रविवारी शिरीषही पहिल्यांदाच आमच्याबरोबर आला. घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन तो मागे बसला. ऊन होतं, झेंडे जेमतेम हलत होते. आम्ही दोघांनी तिला हाताला धरून गवतावर आडवं केलं. क्लबच्या लोकांनी आपापल्या गोळ्या थांबवल्या नाहीत की मान वळवून बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. दोन गोळ्या अंदाजाच्या आणि दहा गुणांसाठी मोजायच्या. प्रत्येक गोळीनंतर तिला दोन मिनिटं दम घ्यावा लागे, पण बैठक मोडत नव्हती. मी वारा सांगत होते, ती ऐकत होती, कधी माझं ऐकून सोडून देत होती. पन्नासपैकी सेहेचाळीस झाले. याहून बरे गुण तिने क्लबच्या रायफलने कितीदा तरी मिळवले होते. शिरीषने विचारलं, "चांगले आहेत का?" ती म्हणाली, "माझे आहेत."

परतीच्या वाटेवर शिरीष पेट्रोलपंपावर उतरला तेव्हा ती मागच्या सीटवरून म्हणाली, "तू त्या दिवशी माहीत नाही म्हणालीस ना... मलाही माहीत नव्हतं. म्हणून राग आला." मी आरशात बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "आता?" मी विचारलं. "आता नाही. आता नुसती दमलेय. तरी तुझ्याकडेच असू दे." शिरीष आला आणि आम्ही निघालो.

त्यानंतर ती रेंजवर गेली नाही. शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या हॉस्पिसची नर्स घरी यायला लागली. नर्सला सुई कुठे टोचायची ते मेधा सांगायची आणि मग सॉरी म्हणायची. बागेतल्या कोव्हायच्या झाडाला वसंतातली पिवळी फुलं आली होती, त्या आठवड्यात ती घरीच गेली. सकाळी, शिरीष शेजारी असताना. तिला जसं जायचं होतं तसं.

मेधाची मुलगी इरा वेलिंग्टनला असते, बावीस वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. विधी झाल्यावर ती परत गेली होती, ती गेल्या शुक्रवारी पुन्हा आली. शनिवारी दुपारी माझ्या घरी येऊन म्हणाली, "मावशी, कॅन आय ट्राय इट? विथ यू?" तिला परवाना नाही, पण माझ्या देखरेखीखाली तसं चालतं. रायफल आता कायद्याने माझ्या नावावर आहे, बंदुकांच्या नोंदवहीवाल्या पोलीस बाईंनी फोनवर फार सौजन्याने सगळं करून दिलं. मी हो म्हटलं. पण आधी नळी साफ करायला हवी होती.

ते काम मी केलं नव्हतं. त्या रविवारी मेधा इतकी थकली होती की म्हणाली, "उद्या तू कर." दुसऱ्या दिवशी मी केलं नाही, त्यानंतरही नाही. रायफलवाल्या माणसाला हे सांगायची लाज वाटावी इतकं ते चूक आहे. नळी आतून खराब होते. मला ते माहीत होतं.

गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरलं. बोल्ट काढला, लांब गजाला पांढऱ्या कापडाची चिंधी लावली, नळी साफ करायच्या औषधात बुडवली आणि नळीतून आरपार ढकलली. दुसऱ्या टोकाने ती काळीकुट्ट होऊन पडली. इराने बोटाने ती सरळ केली. "इज दॅट फ्रॉम मम?"

"हो," मी म्हटलं. "तिच्या बारा गोळ्या."

 मी थांबले. इरा म्हणाली, "कर ना, मावशी." मी दुसरी चिंधी घातली, तीही काळी. तिसरी राखाडी. चौथीवर नुसत्या दोन रेघा. इरा प्रत्येक चिंधी उचलून वर्तमानपत्रावर ओळीने मांडत होती, एकमेकींना लागू न देता. पाचवी पांढरी निघाली.

"आर वी डन?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. गज पुसून ठेवला. उठलो मात्र दोघीही नाही.