पारसिकचा चढ

आमच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका मूळचे इथल्याच गावचे. आमचं सीवूड्स ताटासारखं सपाट, पण इलेक्ट्रिक बाईक घेताना त्यांचा प्रत्येक शोरूममध्ये एकच प्रश्न असायचा: "मागं मानूस बसला तरी डोंगर चढंल ना?" सेल्समन मायलेज सांगायचा, काका मोटरचे वॅट विचारायचे. आम्ही हसायचो. पारसिकच्या टेकडीवर त्यांचा थोरला भाऊ राहतो आणि जमिनीच्या वाटणीपासून दोघे बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याचा बाईकशी संबंध कोणी लावला नव्हता.

अखेर सर्वांत दमदार मोटरची बाईक आली. काकांनी मला मागे बसवलं आणि थेट पारसिक गाठलं. चढ ती सहज चढली. भावाच्या फाटकाशी काका थांबले. आतल्या झोपाळ्यावरून एक म्हातारा उठला आणि डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघू लागला. काकांचा अंगठा हॉर्नवर गेला, न दाबताच बराच वेळ तिथे राहिला. मग त्यांनी गाडी वळवली.

"काका, आत नाही जायचं?"

"मोटर बघायची व्हती, बघली," ते म्हणाले. "आता उताराला ब्रेक कसं लागतान, त्ये बघू."