बांगड्याचा डोळा आणि पाचवीचा वर्ग

पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट मालवणच्या बंदराबाहेर लांब उभी होती आणि पडाव नावाची लहान होडी मला तिच्याकडे नेत होती. बोट एवढी मोठी, की तिच्या सावलीत आख्ख्या तारकर्लीने दुपारची झोप काढली असती. माझी ट्रंक चढवली तेव्हा ती एका बाजूला कलली, असं तिथले खलाशी पुढे कित्येक वर्षं सांगत. खोटं वाटत असेल तर विचारा त्यांना. आता त्यातला एकही हयात नाही, एवढीच अडचण.

पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. मी दहा वर्षांचा, निघालो होतो गिरगावात मामाकडे शिकायला. बाबा होडीवर मासेमारी करायचे, आई बाजारात मासळी विकायची. निरोप देताना बाबा एवढंच म्हणाले, "खालच्या वर्गात बसयल्यानी तर गप घराक ये. व्हडयेर माणूस होयोच आसा."

म्हणजे चौथीत बसवलं, की थेट होडीवर. आणि मला तर होडी लागायची, पाय ठेवला की उलटी. कोळ्याच्या पोराने होडीत ओकणं हे आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट.

मुंबईतले गुरुजी घाटावरचे, शुद्ध शाकाहारी. माझी वही बघून म्हणाले, "दिवाळीपर्यंत धड मराठी लिहिलंस तर पाचवी. नाहीतर चौथी." त्यांचं बरोबरच होतं. माझं वाक्य म्हणजे रापण. एकदा किनाऱ्यावरून ओढायला घेतलं की सगळा गाव दोराला लागायचा, तरी जाळं बाहेर येत नसे. गुरुजींनी मला पूर्णविराम द्यायला शिकवलं. "दम लागला की थांब," म्हणायचे. पहिल्या आठवड्यात मी इतका थांबलो, की एका पानावर शब्दांपेक्षा पूर्णविराम जास्त झाले.

उपमा शिकवण्याचं काम मामाने अंगावर घेतलं. तोंड चंद्रासारखं, डोळे कमळासारखे, चाल हत्तीसारखी. मी कमळही पाहिलं नव्हतं आणि हत्तीही. पण घोकलं.

दिवाळीआधीच्या परीक्षेत निबंध आला, 'माझे गुरुजी'. तोंडाला चंद्र लावला, चालीला हत्ती लावला. डोळ्यांपाशी पेन अडलं. गुरुजींचे डोळे खरंच सुंदर होते आणि मला खरं लिहायचं होतं. मी लिहिलं, 'गुरुजींचे डोळे ताज्या बांगड्यासारखे आहेत.'

गुरुजींनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. वर्ग असा हसला, की चर्नी रोडपर्यंतची कबुतरं उडाली. मला डोळ्यांसमोर चौथी दिसली आणि चौथीच्या मागे होडी.

"अरे, मी मासे खात नाही!" गुरुजी म्हणाले.

"खायचा नाही गुरुजी, बघायचा," मी रडत सांगितलं. "शिळ्या माशाचा डोळा खोल जातो, लाल होतो. ताज्याचा भरलेला, स्वच्छ असतो. माझी आई गिऱ्हाइकाला म्हणते, 'डोळो बघ गो, अजून दर्या बघता हा!'"

गुरुजींनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "म्हणजे मी अजून शिळा झालो नाही, असं तुझं म्हणणं?"

"होय गुरुजी."

"मग चंद्र खोड. हत्तीही खोड. बांगडा राहू दे. आणि पाचवीतच बस."

मामाने ते पत्राने घरी कळवलं. म्हणे आईने बाजारात तीन दिवस मासळी कमी विकली आणि ही गोष्ट जास्त.

मंडळी, तुम्ही जे गावीच राहिलात आणि जे माझ्यासारखे ट्रंका घेऊन सुटलात, दोघांनाही सांगतो, मी इथे मुंबईत सुखात आहे. जन्मभर कचेरीत आखूड, नीटस वाक्यं लिहिली, चार माणसांत नाव झालं. फक्त मनातलं काही बोललो की त्याचा अर्थ समजावून द्यायची सवय लागली, ती सुटली नाही.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो. माझा बालमित्र गणपत, जन्मभर होडीवर राहिलेला, किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता. मला बघून सगळ्यांदेखत ओरडला, "केंड मासो पाण्याभायर काढलो की फुगता, तसो फुगलंस रे!"

"आणि तू पाण्यातच ऱ्हवान खारलंस!" मी म्हटलं.

अर्थ कुणी विचारला नाही. गणपतने नुसतं जाळं सरकवून मला बसायला जागा केली.